तिकडं पाणी आलं का?

चैत्रात आमच्या अकोटला गच्चीवरची कामं सकाळी नऊच्या आत उरकावी लागतात. नऊनंतर पायाखालची फरशी चटके देते. परवा पहाटे शिजवलेला गव्हाचा चीक सोऱ्यात भरून मी जुन्या पांढऱ्या धोतरावर कुरडया घालत होते, तेव्हा शेजारची एक जण जिना चढून वर आली. न सांगताच तिनं दुसरा सोऱ्या हातात घेतला. चार-पाच कुरडया घालून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, पोरगं लंडनले येच म्हणते. व्हिसा आला. आता तुमीच सांगा, काय काय नेऊ? तिथं थंडी लय रायते म्हणते."

"कोणत्या मयन्यात जाऊन रायली?" मी विचारलं.

"मयना कायले पायजे? लंडन तं लंडनच."

मी सोऱ्या खाली ठेवला. महिना कळल्याशिवाय लंडनबद्दल काही सांगता येत नाही, तसं ते अकोटबद्दलही येत नाही. मे महिन्यात अकोट पाहून गेलेल्या माणसाला श्रावणातल्या नरनाळा किल्ल्याची हिरवाई सांगून पटणार आहे का? आणि श्रावणात आलेल्याला मे महिन्यातल्या दुपारची शांतता, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही ती शांतता, कशी समजावणार? गाव तेच असतं, पण प्रत्येक ऋतूत ते नव्यानं भेटतं.

मी लंडनला मुलीकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा २०१९च्या ऑक्टोबरात, आम्ही दोघंही, ते थेट संक्रांतीच्या तोंडावर परत. दुसऱ्यांदा २०२३च्या मे महिन्यात, मी एकटीच, कारण हे पेरणी सोडून येणार नव्हते. त्यामुळे गावातलं कुणी तिकडे निघालं की माझ्याकडे येतं. त्यातून अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवलेला. पश्चिमी वारे आणि उत्तर अटलांटिक प्रवाह फळ्यावर खडूनं काढून दाखवलेले. लंडन साडेएकावन्न अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आमच्या अकोटपेक्षा तीस अंश वर. त्याच अक्षांशावरचा सायबेरिया हिवाळ्यात गोठून जातो, पण अटलांटिक महासागरातलं कोमट पाणी आणि त्यावरून येणारे पश्चिमी वारे यांच्यामुळे लंडन गोठत नाही. हे वाक्य मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. त्याचा अर्थ मात्र एका बसथांब्यावर, गालावर आलेल्या ओलसर वाऱ्यानं सांगितला. तो वारा बोचरा होता, पण कोरडा नव्हता. त्याला पाण्याचा वास होता.

शेजारणीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली, की तिथली थंडी आकड्यात फार मोठी नाही. जानेवारीत दुपारी सात-आठ अंश, पहाटे दोन-तीन. बर्फ क्वचित, आणि पडला तरी फारसा टिकत नाही. पण आपल्याकडे हिव पडलं तरी दुपारी ओसरीवर ऊन येतं, पाठ शेकून निघते. तिथं ते ऊन नसतं. दिवसभर आभाळ खाली आलेलं आणि ओल हाडात शिरत जाते. म्हणून एकच जाडजूड स्वेटर नेऊन उपयोग नाही. आत अंगाला बसणारं थर्मल, त्यावर लोकरीचं, त्यावर वारा अडवणारं टोपीचं जॅकेट, असे एकावर एक पदर हवेत. घरात, दुकानात, गाडीत शिरलं की आत ऊब असते, तेव्हा ते एकेक काढता आले पाहिजेत. छत्री वाऱ्यानं उलटी होते, म्हणून जॅकेटची टोपी बरी. बुटांचे दोन जोड, कारण भिजलेला बूट दोन दिवस वाळत नाही. खोबरेल तेलाची बाटली नेली तर ती थिजलेली मिळणार, रुंद तोंडाच्या डबीत भरून न्यावं.

"आन् सुती लुगडी?" तिनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आजही जड जातं. पहिल्या आठवड्यात मी माझी नेहमीची सुती साडी नेसून बाहेर पडले. पाऊस म्हणावा असा नव्हताच, नुसती भुरभुर होती, आपल्याकडे ज्याला कुणी पाऊस म्हणणारही नाही. अर्ध्या तासात निऱ्यांनी पाणी ओढून घेतलं. साडी पायांना चिकटली आणि थंडी तिथून वर चढायला लागली. घरी आल्यावर मुलीनं गरम पाण्याची पिशवी पायाशी दिली आणि हळूच म्हणाली, "आई, इथं भिजायची शक्यता असली की सुती घालायचं नाही. कापूस पाणी धरून ठेवतो. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही."

मी गप्प बसले. आमचं सगळं कापसावर चाललं. शेत कापसाचं, गाव कापसाच्या बाजाराचं, दिवाळीनंतर रस्त्यावर कापसानं फुगलेल्या गाड्यांची रांग. मुलीचं शिक्षण कापसावर झालं आणि ती शिकून जिथं गेली तिथं कापूस अंगाला लावायचा नाही. त्या रात्री झोप येईना, तेव्हा मीच शिकवलेला आणखी एक धडा आठवला. लँकेशायरची हवा दमट, म्हणून तिथं सूत कातताना धागा तुटत नाही, म्हणून तिथं कापडगिरण्या वाढल्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा त्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. वऱ्हाडात रेल्वे आली, १८७०मध्ये खामगावपर्यंत कापसासाठी फाटा निघाला. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड झालं ते त्या दिवसांत. म्हणजे ज्या ओलीनं माझी साडी भिजवली, तिच्याच बहिणीनं दीडशे वर्षांपूर्वी आमचा कापूस कातला होता. आमचं ऊन आणि त्यांची ओल यांची सोयरीक जुनी आहे. ती एकतर्फी होती, कापूस तिकडे गेला आणि कापड होऊन दामदुप्पट किमतीनं इकडे आला, हेही मी मुलांना शिकवलेलं आहे. पण त्या रात्रीनंतर तिथल्या पावसाकडे मी परक्यासारखं पाहू शकले नाही.

पावसाचा हिशोबही सांगण्यासारखा आहे. सगळ्यांना वाटतं लंडनला फार पाऊस. खरं तर लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या भागात त्याहून जास्त, ७५०-८०० पर्यंत. फरक वाटणीचा आहे. आपला पाऊस मृगाला येतो, आर्द्रात जोर धरतो, मघा-पूर्वात झड लावतो आणि हस्तानंतर निघून जातो. चार महिन्यांत वर्षाचं देणं देऊन मोकळा होतो. लंडनचा पाऊस बारा महिने चिमूट-चिमूट येतो. सकाळी ऊन, दुपारी भुरभुर, संध्याकाळी पुन्हा उघाड. म्हणून तिथं पाऊस थांबायची वाट पाहत घरात बसायचं नसतं. तसंच त्यात निघायचं असतं. वाट पाहिली तर महिनाभर घरातच राहाल, हे मी शेजारणीला दोनदा सांगितलं.

ज्या दिवशी पाऊस धरतो, त्या दिवशी संग्रहालयात जावं. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नॅशनल गॅलरी इथली कायमची दालनं पाहायला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये चालता चालता हे एकदम थबकले. भिंतीवर इंग्रजीत 'अमरावती' लिहिलेलं होतं. एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या शहरात, आपल्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव! जवळ गेल्यावर कळलं की ती आंध्रातली अमरावती, तिथल्या स्तूपाच्या पांढऱ्या शिळा. पण हे त्या शिळांसमोरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. म्हणाले, "नाव तरी आपलं आहे ना."

त्या हिवाळ्यात मला थंडीपेक्षा अंधार जड गेला. २१ डिसेंबरला लंडनमध्ये आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. आपल्याकडे त्या दिवशीही जवळजवळ अकरा तास उजेड असतो. डिसेंबरात एक दिवस मी दुपारचा चहा ठेवायला उठले आणि खिडकीबाहेर रात्र. देवापुढे दिवा कधी लावायचा? लहानपणापासून दिवेलागण म्हणजे गुरं परतायची वेळ, शुभंकरोतीची वेळ. तिथं ती दुपारच्या चहाला येत होती. उलट दुसऱ्या खेपेला जूनमध्ये रात्री सव्वानऊ वाजून गेले तरी सूर्य मावळेना, आणि पहाटे पावणेपाचला पुन्हा हजर. शेवटी मी दोन्ही ऋतूंत घड्याळात सात वाजले की दिवा लावू लागले. बाहेर अंधार असो की लख्ख ऊन, सात वाजले की समईची वात पेटायची. त्यानं मन जाग्यावर आलं. परगावी जाणाऱ्यानं असं एक काम वेळेवर ठेवावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. झोप, भूक, पूजा यांना सूर्याच्या भरवशावर सोडलं तर तिथं माणूस हरवतो.

घड्याळही तिथं वर्षातून दोनदा हलवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. म्हणून उन्हाळ्यात आपल्यात नि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेपाच तासांचं. घरी फोन लावताना हे लक्षात ठेवावं. आणि २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि लाल बस दोन्ही बंद असतात, त्या दिवशी कुठं जायचं-यायचं ठरवू नये. एरवी फिरणं सोपं आहे. प्रवासाचं कार्ड भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्या माणसाला मोकळी. नळाचं पाणी सरळ प्यायचं. विजेचा दाब आपल्यासारखाच, पण प्लग वेगळा, तीन चपट्या दांड्यांचा, त्यासाठी अडॅप्टर न्यायचा. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्यायची. दुधाचे पदार्थ आणि मांस नेऊ देत नाहीत, तेव्हा पेढे, तूप, खवा काही बांधू नये.

"मंग नेऊ तं काय नेऊ?" ती कुरडयांकडे पाहत म्हणाली.

"हेच ने," मी म्हटलं. "कुरोड्या, पापड, सांडगे."

हे मी उगीच म्हटलं नाही. पहिल्या खेपेला आम्ही किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर पाहायला गेलो होतो. १९२१-२२मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहिले. २०१५मध्ये महाराष्ट्र शासनानं ते घर घेतलं. बाहेर डिसेंबरची करडी दुपार होती. मला त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट आठवत होती. लंडनमधल्या त्या विद्यार्थीदशेत जेवण अपुरं, पैसे मोजके, दिवसभर ग्रंथालयात वाचन. रात्री दहाच्या सुमाराला भूक लागली की ओळखीच्या माणसानं दिलेल्या गठ्ठ्यातले चार पापड भाजायचे, कपभर दूध घ्यायचं आणि पुन्हा वाचायला बसायचं. त्या गल्लीतल्या थंडीत उभी असताना त्या चार पापडांचं मोल मला पहिल्यांदा कळलं. पापड म्हणजे आपल्याकडचं वाळवून ठेवलेलं ऊन. जिथं धुतलेला रुमाल वाळायला दोन दिवस लागतात, तिथं कुणाच्या तरी अंगणातल्या उन्हात कडकडीत वाळलेला तो पापड एका भुकेल्या विद्यार्थ्याजवळ पोचला होता. त्या दिवशी घरी येऊन मी मुलीला कुरडया तळून दिल्या. ती आवाज ऐकूनच स्वयंपाकघरात आली.

दुसरी खेप उन्हाळ्याची. कुणाला महिना निवडायची मुभा असेल, तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा, असं मी सांगते. एप्रिल-मेमध्ये तिथल्या रानात झाडांखाली निळ्या फुलांचे गालिचे पसरलेले असतात. हवा वीस अंशांच्या आसपास, उजेड भरपूर. पण तिथल्या उन्हाळ्यालाही हलकं समजू नये. १९ जुलै २०२२ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा चाळीसच्या वर गेला. मुलीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "चाळीस म्हणजे आपला मार्च." मे २०२०मध्ये अकोल्याला ४७.४ अंश सोसलेली माणसं आम्ही. ती म्हणाली, "आई, घर भट्टीसारखं झालं. पंखा नाही, कूलर नाही. भिंती सगळी ऊब आत धरून ठेवायलाच बांधल्यात." मग मला माझ्या बोलण्याची खंत वाटली. आमच्याकडे जुन्या घरांना जाड मातीच्या भिंती, दारांना वाळ्याचे ताटे, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. उन्हाशी कसं वागायचं हे आम्हाला पिढ्यांनी शिकवलं. त्यांना पिढ्यांनी थंडीशी वागायला शिकवलं. दुसऱ्याचं दुखणं आपल्या आकड्यांनी मोजू नये.

त्या खेपेला मी टॉटनहॅममध्ये ब्रूस ग्रोव्हवरच्या एका जुन्या घरावरची निळी गोल पाटी पाहून आले. ल्यूक हॉवर्ड यांची. औषधं बनवणारा हा गृहस्थ, त्यानं १८०२मध्ये ढगांना नावं दिली: क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस. अठ्ठावीस वर्षं मी ती नावं फळ्यावर लिहिली. क्युम्युलस म्हणजे रास. मुलांना समजावताना मी म्हणायची, जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी पडते ना, तसा ढग. पाटीवर त्यांना ढगांना नाव देणारा असं म्हटलेलं आहे. रोज बदलणारं आभाळ डोक्यावर असलेल्या माणसालाच ढग ओळखून ठेवायची गरज वाटली असेल. मी रस्त्यापलीकडे उभी राहून हात जोडले.

मुलीच्या परसाला लागून लाकडी कुंपण आहे. पलीकडे एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. पहिल्या खेपेपासून त्या मला पाहिलं की आभाळाबद्दल बोलत. "आज जरा उघडलंय, नाही?" किंवा "दुपारून येईल असं दिसतं." मी हो म्हणून आत यायची. मला ते बोलणं पोकळ वाटायचं. आमच्याकडे आभाळाबद्दल असं सहज कुणी बोलत नाही. "पाणी आलं का?" या प्रश्नात पेरणी असते, कर्ज असतं, पोरीचं लग्न असतं. अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते, मधल्या घागरीखाली पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून भाकीत सांगतात, ते ऐकायला गावोगावचे शेतकरी उभे असतात, ते काय गप्पांसाठी?

२०२३चा जून मात्र दोन्हीकडे कोरडा आला. तिकडे ऊन असं पडलं, की तो ब्रिटनमधला नोंदलेला सर्वांत उष्ण जून ठरला. इकडे मृग कोरडा गेला. हे रोज फोनवर सांगत, "वावर तयार आहे, बी घरात आहे, आभाळात काही नाही." एका सकाळी आजी कुंपणापाशी आल्या आणि निळ्या आभाळाकडे हात करून म्हणाल्या, "किती छान दिवस!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. जूनमधलं निळं आभाळ आम्हाला भीती घालतं. सरकी लावली आणि पाणी लांबलं तर दुबार पेरणी करावी लागते आणि दुबार पेरणीत घर बसतं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. त्यांनी कुंपणावरून माझ्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या आभाळाबद्दल बोलणं सोडून दिलं. दिसल्या की एवढंच विचारत, "तिकडं?"

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे यांचा फोन आला. बोलण्याआधी पत्र्यावरचा आवाज ऐकू आला. मी तशीच परसात गेले. आजी झाडांना पाणी घालत होत्या. मी एवढंच म्हटलं, "आलं." त्यांनी झारी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

तेव्हा मला कळलं की त्या बायका-माणसांचं रोजचं आभाळाचं बोलणं पोकळ नव्हतं. पावलोपावली संकोचणाऱ्या, दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नाही असं मानणाऱ्या त्या समाजानं एकमेकांच्या दारावर टकटक करायला आभाळ ठेवलं आहे. दार उघडलं की आत जे असेल ते बोलता येतं. मी चार महिने दार उघडलंच नव्हतं.

शेजारणीला मी वहीतल्या पानावर यादी करून दिली. थर्मल, लोकरीचे मोजे, टोपीचं जॅकेट, बुटांचे दोन जोड, अडॅप्टर, औषधांची चिठ्ठी, खोबरेलाची डबी, पापड, कुरडया. ती यादी वाचत असताना मी तिच्या हातातून पान परत घेतलं आणि खाली लिहिलं: कुणी आभाळाबद्दल बोललं तर थांबून बोल.

मुलगी आता रोज रात्री फोन करते. गेल्या जूनमध्ये तिनं पहिलंच वाक्य विचारलं, "आई, पाणी आलं का?" मी म्हटलं, "तुले कायले घाई?"

"मले नाही," ती म्हणाली. "कुंपणावर आजी उभ्या आहेत. त्या विचारून रायल्या."